आमची जावक कोणी अडवली?

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मी, विद्याधर गोपाळ मुंडले, बी.कॉम., वय पंचावन्न, मूळ इस्लामपूरचा, नोकरीनिमित्त चंडीगडात. येथील एका केंद्रीय कार्यालयात लेखाधिकारी. ही रोजनिशी आजपासून एका ठरावीक हेतूने लिहीत आहे. माझ्या घरातील इंटरनेट सायंकाळी कोणत्या कारणाने बंद पडते ते शोधून काढणे आणि खात्रीची जोडणी मिळवणे, एवढाच तो हेतू. हवापाणी, प्रकृती व कचेरीतील कुरबुरी यांची नोंद येथे होणार नाही.

आज सौ.चा वर्ग पुन्हा तुटला. सोमवार व गुरुवार, सायं. सहा. चंडीगड, मोहाली, पंचकुला येथील मराठी घरांतली मुले. निम्मी चंडीमंदिरच्या फौजी वसाहतीतली. मराठी कळते, उत्तर हिंदीत देतात. सौ. त्यांना मराठी वाचायला-लिहायला शिकवते. आज 'ळ' चालला होता. तिने 'कमळ' म्हटले आणि तोंड उघडे असतानाच गोठली. निंबाळकरांचा ईशान (वय नऊ) ओरडला, "काकू, आप स्टॅच्यू हो गए!" मग सगळीच मुले स्टॅच्यू-स्टॅच्यू खेळू लागली. सौ. परत आली तेव्हा पडद्यावर कोणी हलत नव्हते. तिला वाटले, आता त्यांचीही जोडणी गेली.

हे हसण्यासारखे आहे, असे मला सांगण्यात आले. मला हसू आले नाही.

निंबाळकरबाईंचा संदेश (त्या पालकांच्या वतीने लिहितात): "ताई, मुलांचा इंटरेस्ट जातोय. पुण्याचा एक ऑनलाइन वर्ग आहे, त्यांचं नेट कधी जात नाही. २३ तारखेचं वाचन होऊ दे, मग सगळे मिळून ठरवू." २३ला, रविवारी, मुले मराठीत वाचून दाखवणार, गावोगावचे आजी-आजोबा पडद्यावर येणार.

सौ. स्वयंपाकघरात गेली. तेथून म्हणाली ते शब्दशः: "तुमच्या प्रत्येक बदलीला मी एक शाळा सोडली. हा वर्ग तेवढा बरोबर नेता येईल म्हणून काढला. आता तोही इथंच टाकायचा का?"

मी इंटरनेट कंपनीला फोन केला. "सर, आपके यहाँ यूसेज ज़्यादा है." आम्ही दोन माणसे. दोन फोन, एक लॅपटॉप. ज़्यादा!

४ नोव्हें., मंगळ.

राउटरचे म्हणून एक पान असते. त्यावर घरातले कोणते यंत्र किती माल आणते व किती पाठवते ते दिसते. जोडणी घेऊन सव्वा वर्ष झाले; हे पान असते असे कंपनीच्या एकाही माणसाने सांगितले नाही.

बाहेरून घरात येते ती आवक. घरातून बाहेर जाते ती जावक. हेच दोन शब्द कचेरीत आयुष्यभर वापरले, ते येथेही तंतोतंत लागू पडतात. कंपनीचा माणूस मोठ्या तोऱ्यात जो वेग दाखवून गेला होता तो सगळा आवकेचा. जावकेविषयी चकार शब्द नाही. आणि सौ.चा चेहरा, तिचा आवाज, फळ्यावरचा 'ळ' हे सर्व जावकेत मोडते! सिनेमा पाहणाऱ्याला आवक पुरते. शिकवणाऱ्याला जावक लागते. जाहिरातीत हे कोठेही लिहिलेले नव्हते.

जेवताना माझ्या फोनवर पान उघडे ठेवले. लॅपटॉप मिटलेला, सौ.चा फोन पालथा. जावक काठोकाठ. कोण पाठवते आहे? काय? माझ्या घरातून?

५ नोव्हें., बुध. गुरुपुरब, सुटी.

एकेक यंत्र बंद करून पाहिले. सौ.: "अहो, मिक्सरचीही पिन काढू का? तोही काहीतरी पाठवत असेल." दुर्लक्ष केले.

माझा फोन सोडून सर्व बंद केल्यावरही दोन निनावी यंत्रे राहिली. दोन्ही फक्त पाठवतात. काही मागवत नाहीत. असे माणूस करत नाही.

दुपारी घरमालक सरदार बलबीरसिंगजी कडाह प्रसादाची वाटी घेऊन वर आले. तळमजल्यावर एकटेच राहतात, वय ऐंशीच्या घरात. "मुंडले साब, आज तो छुट्टी करो. सुबह से मशीन के आगे बैठे हो." त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो आणि वर पाहिले. खांबावर कॅमेरा. हिरवा दिवा लुकलुकत होता. ओसरीत दुसरा.

सौ.ला विचारले. तिला लगेच आठवले. ऑगस्टमध्ये झाडाच्या फांदीने सरदारजींची इंटरनेटची वायर तुटली ती कोणी जोडली नाही. ते वर येऊन म्हणाले होते, "बेटा जी, हॅपी का फ़ोन नहीं लगता, ज़रा पासवर्ड दे दो." हॅपी म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, कॅनडात असतो. हिने दिला.

म्हणजे मागितले फोनसाठी आणि जोडले कॅमेरे! ज्या फाटकातून दिवसभरात दूधवाला आणि पेपरवाला यांच्याखेरीज कोणी येत नाही, ते फाटक अहोरात्र माझ्या जावकेतून कॅनडात पोचते आहे. आणि त्यापायी सौ.चा 'ळ' दाराशी खोळंबून उभा आहे.

६ नोव्हें., गुरु.

आज वर्ग दोनदा तुटला. नंतर वाद.

मी खाली जाऊन जाब विचारतो म्हणालो. सौ. म्हणाली, अजिबात नाही. "त्यांनी कॅमेऱ्यांसाठी मागितलं असतं तरी मी दिलंच असतं."

"मागितले नाही, हाच मुद्दा आहे."

"तुम्हाला मुद्दा हवाय. मला वर्ग हवाय. आणि त्या माणसाला दुखवायचं नाही. मागच्या थंडीत तुम्ही दौऱ्यावर होतात, मला ताप होता, तेव्हा हेच जिना चढून दलिया घेऊन यायचे. गुडघे धरून."

दलियाची गोष्ट खरी आहे. दलिया दिल्याने कॅमेरे जोडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हेही खरे आहे.

न सांगता पासवर्ड बदलायचा नाही, असेही तिने बजावले. "चोरासारखं नको." चोर कोण, हा प्रश्न मी विचारला नाही. शेवटी ठरले: कॅमेरे वेगळ्या जोडणीवर टाकता येतील का, हे आधी कंपनीला विचारावे, मार्ग हाती आला की मग सरदारजींशी गोडीने बोलावे.

७ नोव्हें., शुक्र.

कंपनीशी बोलणे झाले. पुढे वाद नको म्हणून जसेच्या तसे लिहितो.

मी: "हमारा यूसेज ज़्यादा नहीं है. जो है वह सब खाली का है."

"खाली है, सर?"

"हाँ. हम ऊपर रहते हैं. खाली का घर अलग है. खाली का हमारे कनेक्शन से बंद करना है."

"मतलब घर खाली है, तो कनेक्शन बंद करना है?"

"खाली का. हाँ."

"कब से, सर?"

"आज से किया तो भी चलेगा."

"पक्का, सर?"

"पक्का."

पोरगा सौजन्याने बोलला, प्रश्न क्रमाने विचारले, खात्री करून घेतली. या कंपनीत प्रथमच समजूतदार माणूस भेटला. सौ.ला तसे सांगितले. ती म्हणाली, "बघू."

१० नोव्हें., सोम.

जोडणी मेली. वर्गाच्या जरा आधी राउटरचा दिवा लाल. फोनवर संदेश: आपल्या विनंतीनुसार सेवा समाप्त करण्यात आली आहे, कृपया राउटर परत करावा.

विनंती! कोणाची विनंती?

फोन केला. या वेळी मुलगी. "सर, रिकॉर्ड में है, आपने ख़ुद बंद करवाया है. कन्फ़र्म भी किया है." ते रेकॉर्ड ऐकवा म्हणालो. "सर, वो पॉसिबल नहीं है." जे ऐकवता येत नाही ते रेकॉर्ड कशाचे?

वर्ग मोबाईलच्या डेटावर घेतला. खोल्यांत सिग्नल धड नाही म्हणून सौ. गच्चीवर बसली. मी टॉर्च धरून उभा. ईशान: "काकू, पीछे किसका पजामा सूख रहा है?" माझा होता. सौ. डगमगली नाही. "हा काकांचा पायजमा आहे. म्हणा सगळ्यांनी." सगळे एका सुरात म्हणाले. हिंदीची भेसळ नसलेले सबंध मराठी वाक्य हा वर्ग एकमुखाने बोलल्याचे मी प्रथमच ऐकले. पुढच्याच क्षणी चित्र गेले आणि नुसता आवाज उरला, मग तोही तुटक.

निंबाळकरबाईंनी हात जोडल्याची खूण पाठवली. मजकूर नाही.

११ नोव्हें., मंगळ.

आज जे झाले ते क्रमाने लिहितो; संताप आवरून.

मी कचेरीतून नुकताच आलो होतो. राउटर न्यायला कंपनीचा माणूस आला आणि त्याने घंटा तळमजल्याची दाबली. थोड्या वेळाने सरदारजी वर आले. दम लागलेला. बसा म्हटले तर बसेनात.

"मुंडले साब, घर खाली कर रहे हो? मैनूं दस्स तां दिंदे." (मला सांगायचे तरी.)

मी म्हणालो, कोण म्हणतो?

"कंपनी का बंदा नीचे खड़ा है. कहता है, ऊपर वालों ने लिखवाया है, घर खाली." मग सौ.कडे वळून, "बेटा जी, मुझसे कोई ग़लती हुई? तुम बोलो."

सौ. त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघू लागली. "अहो, तुम्ही फोनवर 'खाली' म्हणालात?"

"मग काय म्हणणार? खालीच राहतात ना ते!"

तिने ओढणी तोंडाशी नेली. मला तोवर उमगले नव्हते. मराठीत खाली म्हणजे खाली. येथे खाली म्हणजे रिकामे. मला हे ठाऊक नाही असे नाही. कचेरीच्या हिंदीत मी 'रिक्त' लिहितो, 'निम्नलिखित' लिहितो, आजवर एक चूक कोणी दाखवलेली नाही. पण राग आला की जीभ थेट इस्लामपूरला जाते. मात्र 'हम ऊपर रहते हैं' हे वाक्य त्या पोराने कोठे टाकले? घर रिकामे असेल तर वर राहतो कोण, भूत?

सौ.ने सरदारजींना समजावले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "नीचे, साब जी! नीचे कहते हैं!" बसले, पोटभर हसले, चहा मागितला. राउटरवाल्याला जिन्यातूनच ओरडून सांगितले, "ओए, कोई खाली-वाली नहीं, तू जा." तो राउटर घेऊनच गेला.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारले, "पर नीचे का क्या बंद कराना था?"

गोडीने सांगण्याची जी वाक्ये मी योजून ठेवली होती त्यांतले एकही आठवेना. मी सरळ सांगितले: "आपके दोनों कैमरे हमारे नेट पर चलते हैं. उससे इनकी क्लास टूटती है."

त्यांनी कप खाली ठेवला. "हॅपी ने फ़ोन पर कहा, पापा, ये दबाओ, वो दबाओ. मैंने दबा दिया. मैं समझा, मेरा फ़ोन ठीक कर रहा है." मग: "तो वो वहाँ बैठ के देखता है? मुझे?"

त्यांनी फाटकाच्या दिशेला बोट केले.

"मैं तो समझा था, चोर के लिए लगवाए हैं."

उठून गेले. कठड्याला धरून, एकेक पायरी.

माझा राग ज्या माणसासाठी इतके दिवस जपून ठेवला होता त्याला यातले काही माहीतच नव्हते. राग शिल्लक आहे. फक्त पत्ता बदलला: कॅनडा.

१२ नोव्हें., बुध.

सकाळी पाहिले तर दोन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी भिंतीतून उपटून ओसरीत गुंडाळी करून ठेवलेल्या. सरदारजींनी काल रात्रीच काढल्या असणार.

कचेरीला निघताना कॅनडाचा फोन. "अंकल जी, हॅपी बोल रहा हूँ. दो दिन से गेट नहीं दिख रहा. आपने पासवर्ड बदला?"

याला म्हणतात उफराटा न्याय. जाब मला विचारतो! मी म्हणालो, "पासवर्ड किसने किस लिए लिया था, यह पहले आप बताइए."

तो गडबडला. मग म्हणाला, "अंकल जी, सॉरी. पूछना चाहिए था. मैं रोज़ बस इतना देखता हूँ कि पापा ने अख़बार उठाया या नहीं. उठा लिया तो मैं सो जाता हूँ."

एक पेपर उचलला हे कळण्यासाठी अहोरात्र दोन कॅमेरे! आणि तेही बापाला न सांगता. मी त्याला तसे स्पष्ट सुनावले. त्याने ऐकून घेतले. "वो मेरा फ़ोन नहीं उठा रहे. एक बार देख लोगे, प्लीज़?"

मग मी खाली गेलो. सरदारजी ओसरीत उन्हात बसले होते. शेजारच्या खुर्चीवर फोन वाजत होता (नेटविना, साधा कॉल). "बजने दो," म्हणाले. "पुत्तर है, थानेदार नहीं है."

हॅपीला कळवले: ठीक आहेत, उन्हात आहेत, पेपर हातात आहे. तो म्हणाला, "थँक्यू अंकल जी, कल भी बता देना." म्हणजे कॅमेरे निघाले आणि त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली. तीही मला न विचारता.

१५ नोव्हें., शनि.

गुरुवारचा वर्ग मोबाईलवर, तुटला. त्यावर लिहिण्यासारखे नवे काही नाही.

आज नव्या जोडणीची चौकशी. जुन्या कंपनीने 'वेलकम बॅक' योजना देऊ केली. मी गेलोच नव्हतो!

बाजारात छत्रीखाली टेबल मांडून बसलेला विक्रेता: "सर, ऐसी स्पीड देंगे, पूछो मत." मी विचारणारच. अपलोड किती? "अपलोड भी होता है, सर." किती होते? "सर, पक्का होता है." या शब्दावर माझा आता विश्वास नाही. मीही एकदा 'पक्का' म्हटले होते.

मग गल्लीत दारोदार. असे संवाद:

"आपका नेट कैसा है?"

"चलता है जी."

"शाम को छह बजे?"

"चलता है."

"टूटता है?"

"टूटता है. फिर चलता है."

यापलीकडे कोणी जाईना. अनेक घरांत विचारले. आपल्या घरातून बाहेर किती जाते हे एकालाही ठाऊक नाही. सगळ्यांचे 'वदिया', म्हणजे उत्तम, आहे! लोक भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहतात आणि हे मात्र डोळे मिटून घेतात.

कोपऱ्यावरच्या घरातील बाई अपवाद. घरूनच परदेशी कंपनीचे काम करतात, सायंकाळभर बोलणे चालते. त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर वळवला. आवक व जावक सारखी. दुरुस्तीचा माणूस जवळच्याच सेक्टरात बसतो, फोन उचलतो. कधी बंद पडले? "एक बार. पहले से बता के." हे एक उत्तर ऐकून मला उभ्या उभ्या बरे वाटले.

त्यांचीच कंपनी निश्चित केली. जावक आवकेइतकी मिळेल, हे अर्जावर लिहून मागितले. कंपनीचा मुलगा म्हणाला, "अंकल, ऐसा कोई लिखवाता नहीं." मी म्हणालो, म्हणूनच.

सरदारजींना विचारले, तुमच्यासाठीही वेगळी घेऊ का? "मुझे किसे दिखना है?"

१७ नोव्हें., सोम.

नवी जोडणी अजून आलेली नाही. कंपनीला फोन केला की एकच: "बस निकल गए जी." सकाळी निघालेले हे लोक कोणत्या गावाहून निघतात?

वर्ग मोबाईलवर, पुन्हा तुटला. निंबाळकरबाईंकडून आज संदेश नाही, खूणही नाही. तक्रार आली की राग येतो. आली नाही तेव्हा त्याहून जास्त आला.

१८ नोव्हें., मंगळ.

जोडणी लागली. पान उघडून पाहिले: आवक-जावक समसमान.

प्रत्यक्ष चाचणी हवी म्हणून सौ.ला वर लॅपटॉपसमोर बसवले आणि मी माझा फोन घेऊन खाली सरदारजींच्या ओसरीत. सौ. मुलांचे शब्द म्हणू लागली. कमळ, बाळ, फळ. चित्र ठाम, आवाज ठाम. सरदारजी पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. "फळ? फळ ते साडा वी है!" (आमचाही आहे!) आणि त्यांनी म्हणून दाखवले. चोख 'ळ'. कमळ, काळा, सगळे चोख. पंजाबीत तो आहे. आमच्या मराठी घरांतली मुले 'कमल' म्हणतात, 'बाल' म्हणतात, आणि या गृहस्थांना शिकवावाही लागला नाही. सौ. पडद्यावरून म्हणाली, "सरदारजी, आप ही आ जाओ क्लास में." ते लाजले.

हॅपीचे फोन ते आता उचलतात. किती बोलतात, मी विचारत नाही. मला मात्र तो अजून रोज विचारतो.

२० नोव्हें., गुरु.

वर्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. एकही अडथळा नाही. मी दुसऱ्या खोलीत पान उघडून बसलो होतो. जावकेची रेघ सरळ.

मुले निम्मीच आली.

बाकीची त्याच वेळी पुण्याच्या वर्गाला बसली होती; 'ट्रायल' म्हणून. हे पालकांनी कळवले नाही, ईशानने सांगितले. "काकू, बाक़ी सब उधर हैं. मैं भी कल उधर था." मुलाला खोटे बोलता येत नाही, एवढे तरी बरे.

जोडणी खराब होती तेव्हा त्यांनी २३पर्यंत थांबण्याचा शब्द दिला. जोडणी नीट झाली त्याच आठवड्यात शब्द मोडला. मी निंबाळकरबाईंना फोन लावणार होतो. सौ.ने हातातून फोन घेतला. "मुलं ओढून आणायची नसतात."

रात्री जेवताना एवढेच: "आज मी पूर्ण वेळ दिसत होते. बघायला कोण होतं?"

२३ नोव्हें., रवि.

वाचन झाले.

सर्व मुले आली. आजी-आजोबा आले, कोणी कॅमेऱ्यात नुसते कपाळ दाखवत, कोणी आवाज बंद ठेवून बोलत. बार्शीचे एक आजोबा मध्येच गोठले. ती जोडणी तिकडची होती. आमची नव्हे. हे मी येथे ठळकपणे नोंदवतो, कारण निंबाळकरबाई लगेच म्हणाल्या, "ताई, परत गेलं वाटतं नेट?" सौ. शांतपणे म्हणाली, "नाही. मी आहे."

ईशानने आपल्या आजोबांच्या गावाविषयी स्वतः लिहिलेला परिच्छेद वाचला. अडखळत, बोट ठेवून. 'कोळी', 'केळी', 'आभाळ'. सगळे 'ळ' नीट. त्याची आजी कराडहून म्हणाली, "अगं बाई, बोलतोय की हा!" आणि मग ती व तो कोणाची पर्वा न करता आपापसांत बोलू लागले. तो मराठीत. हे वर्गात ठरलेले नव्हते. सौ.ने त्यांना थांबवले नाही. बाकीची मुले ताटकळली.

शेवटी निंबाळकरबाई: "ताई, छानच झालं हं. आम्ही बोलून घेतो आणि कळवतो."

कळवतो! आजीशी नातू तिच्या भाषेत बोलला, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर आता कोणाशी काय बोलून घ्यायचे राहिले आहे?

सौ. म्हणाली, चांगलं झालं. मी म्हणालो, झाले तर. ठरले कोठे?

२४ नोव्हें., सोम.

दिवसभर संदेश नाही. दुपारी दोनदा घरी फोन करून विचारले. दुसऱ्या वेळी सौ. म्हणाली, "आता विचारू नका."

पुण्याच्या वर्गाचाही एक वार सोमवारच, वेळही सहाचीच. माहिती मी काढली. तिला सांगितलेली नाही.

तिने नेहमीसारखी तयारी केली. फळा पुसला. 'ण' आणि 'न' लिहिले. बसण्यापूर्वी म्हणाली, "त्यांना काय ठरवायचं ते ठरवू देत. सोमवार आहे, मी बसणार." मला त्या खोलीत यायला मनाई आहे, माझा चेहरा पाहून तिला धीर येत नाही, असे तिचे म्हणणे.

म्हणून हे पलीकडच्या खोलीत बसून लिहितो आहे. पान उघडे आहे. आवक-जावक उत्तम. या जोडणीत मला आज कोणताही दोष दाखवता येत नाही, आणि त्यामुळे कोणावर चिडावे हेही कळत नाही. सहा वाजून गेले. पलीकडे शांतता. ती पडद्यासमोर एकटी आहे.

आत्ता यंत्राचा तो 'टुंग' आवाज झाला. कोणीतरी आले.

सौ. म्हणाली, "या."

मुले आली असतील तरी ती 'या' म्हणेल. निंबाळकरबाई एकट्याच निर्णय सांगायला आल्या असतील, तरी 'या'च म्हणेल. बहुवचन की आदरार्थी, ते भिंतीपलीकडून कळत नाही.

वि. गो. मुंडले
चंडीगड, २४ नोव्हेंबर २०२५